मिहानमध्ये हलक्या साहित्याचा कारखाना काढावा का? दोन दिवसांच्या पाहणीनंतरचे मत

कार्बन फायबरचे सुटे भाग बनवणारे माझे एक स्नेही पुण्याबाहेर दुसरा कारखाना काढण्याच्या विचारात आहेत. त्यांच्याबरोबर मी नागपूरच्या विमानतळालगतच्या मिहान या औद्योगिक प्रकल्पाची आणि आसपासच्या औद्योगिक परिसराची दोन दिवस पाहणी केली. मी स्वतः कंपोझिटच्या, म्हणजे धागे आणि राळ मिळून बनणाऱ्या हलक्या पण मजबूत साहित्याच्या क्षेत्रात बरीच वर्षे काम केले असल्याने रस्ते आणि भूखंड यांपेक्षा माल, चाचणी आणि माणसे यांकडेच माझे लक्ष अधिक होते. नागपूर या उद्योगासाठी योग्य आहे, असे माझे मत झाले आहे. मात्र हे शहर गुंतवणूकदाराला आपली ओळख करून देताना आपले सर्वांत मोठे बळ मागे ठेवते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आम्हाला एका सल्लागाराकडून मिळालेल्या माहितीपत्रकात देशाचा मध्यबिंदू, विमानतळाला लागून असलेली जमीन आणि ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग यांचे विस्ताराने वर्णन होते. हे सारे खरेच आहे आणि उपयोगाचेही आहे. परंतु वाडी येथील जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन, विकास व अभिकल्प केंद्राचा त्यात एका ओळीचाही उल्लेख नव्हता. केंद्रीय खाण मंत्रालयाच्या अखत्यारीतील ही संस्था १९८९ पासून नागपुरात आहे आणि बॉक्साइटपासून तयार मिश्रधातूपर्यंतचा अभ्यास तेथे होतो. नागपूरजवळ मौदा येथे हिंडाल्कोचा ॲल्युमिनियमचे पत्रे लाटण्याचा कारखाना आहे, तर शेजारच्या छत्तीसगडमध्ये कोरबा येथे बाल्कोची ॲल्युमिनियमची भट्टी आहे. पोलादाची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे ७.८ ग्रॅम आणि ॲल्युमिनियमची २.७ ग्रॅम. वाहनाचे वजन उतरवू पाहणाऱ्या कारखानदाराला या दोन आकड्यांमधले अंतर कोणी समजावून सांगावे लागत नाही. धातू, त्याची प्रयोगशाळा आणि तो वापरणारा उद्योग एकाच पट्ट्यात आहेत, हे मात्र त्याला कोणीतरी सांगायला हवे.

मिहानमधला सर्वांत बोलका पुरावा टाटा समूहाच्या कारखान्याचा आहे. बोइंग ७८७ विमानाच्या प्रवासी कक्षात फरशीखाली बसणाऱ्या कंपोझिटच्या तुळया येथे तयार झाल्या आहेत. ज्या विमानाच्या रचनेत वजनाच्या हिशेबाने सुमारे निम्मे कंपोझिट आहे, त्याला लागणारी अचूकता नागपुरातील कामगारांनी साधली, ही साधी गोष्ट नाही. असे काम करताना थर लावणाऱ्या हाताला धाग्याच्या दिशेत चूक करून चालत नाही आणि प्रत्येक तुकड्याची नोंद ठेवावी लागते. ही शिस्त शिकलेली माणसे शहरात असणे ही नव्या कारखान्यासाठी जमिनीइतकीच मोलाची ठेव आहे. याच परिसरात दसॉल्ट आणि रिलायन्स यांच्या संयुक्त कारखान्यात फाल्कन २००० विमानाचे भाग बनतात, आणि ते पूर्ण विमानच येथे जोडण्याची घोषणा जून २०२५ मध्ये झाली आहे. पहिला मोठा ग्राहक मिळवण्यासाठी इतर शहरांना वर्षानुवर्षे वाट पाहावी लागते. नागपुरात तो आधीच येऊन बसलेला आहे.

करसवलतींच्या बाबतीत मात्र सावधपणे निर्णय घ्यावा. मिहानचा काही भाग विशेष आर्थिक क्षेत्र, म्हणजे निर्यातीसाठी करसवलती देणारे क्षेत्र आहे; अशा क्षेत्रातील नव्या उद्योगांना मिळणारी आयकराची मोठी सवलत २०२० मध्येच बंद झाली. आयात शुल्काची सूट निर्यातदाराला आजही उपयोगी आहे. पण आपला माल चाकणच्या वाहन कारखान्यांना विकायचा असेल, तर क्षेत्राबाहेर देशात विकलेल्या मालावर शुल्क भरावे लागते आणि सारा हिशेब बदलतो. माझ्या स्नेह्यांचा निम्म्याहून अधिक माल देशातच विकला जातो, म्हणून मी त्यांना मिहानमधील विशेष आर्थिक क्षेत्राबाहेरची जागा किंवा नागपूरजवळची बुटीबोरी औद्योगिक वसाहत पाहण्याचा सल्ला दिला.

या उद्योगाची खरी अडचण उन्हाची आहे. राळ मुरवलेले कार्बन कापड, म्हणजे प्रीप्रेग, उणे १८ अंशांच्या आसपास साठवावे लागते, आणि ते शीतगृहाबाहेर किती तास राहिले याची नोंद रोलगणिक ठेवावी लागते. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढणाऱ्या शहरात हा माल गोदामाच्या दारात तासभर विसरला तरी त्याचे आयुष्य घटते. काही वर्षांपूर्वी एका वाहतूकदाराच्या अशाच हलगर्जीपणामुळे आमचा एक संपूर्ण रोल वाया गेला होता, त्यामुळे हा मुद्दा मी हलक्यात घेऊ शकत नाही. मोठा कारखाना स्वतःचे शीतगृह आणि ऑटोक्लेव्ह, म्हणजे उष्णता व दाब देऊन भाग पक्के करणारी बंद भट्टी, उभारतो. वीस-पंचवीस माणसांच्या छोट्या कारखानदाराला तो खर्च झेपत नाही. नागपूरने भाडेतत्त्वावर सर्वांना वापरता येईल असे एक शीतगृह, एक मध्यम आकाराचा ऑटोक्लेव्ह आणि नमुन्यांची ताण-दाब चाचणी करून देणारी खोली विमानतळाजवळ उभारली, तर भूखंडाच्या दरात दिलेल्या कोणत्याही सवलतीपेक्षा या सोयीचा परिणाम मोठा होईल, असे मला ठामपणे वाटते. विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था शहरातच असल्याने ही सोय चालवायला माणसे शोधत बाहेर जावे लागणार नाही.

निर्यात करणाऱ्या, विमान उद्योगाशी जोडलेल्या कंपनीने मिहानचा विचार आजच करावा. ॲल्युमिनियमचे ओतीव किंवा एक्स्ट्रूजनचे (धातू साच्यातून दाबून लांब पट्ट्या काढण्याचे) काम करणाऱ्यांनी जागा ठरवण्याआधी वाडीच्या केंद्रात एक दिवस घालवावा. माझ्या स्नेह्यांनी अजून भूखंडासाठी अर्ज केलेला नाही. उन्हाळ्यात एक रोल पुण्याहून नागपूरला पाठवून वाटेतले तापमान मोजायचे आम्ही ठरवले आहे, आणि त्या नोंदी पाहूनच ते अर्ज भरणार आहेत.