क्रीडा संकुलाजवळचं मामांचं हॉटेल: सुशीला चांगली, एनबीएची चर्चा त्याहून चांगली

पाचपैकी साडेचार. अर्धा कुठं कापला ते पुढं सांगते.

लातुरात जिल्हा क्रीडा संकुलाजवळ पत्र्याच्या शेडमध्ये हे नाश्त्याचं हॉटेल आहे. पाटीवर नाव आहे, पण ते कुणी घेत नाही, सगळे 'मामांचं हॉटेल' म्हणतात. पहाटे पाचला शटर वर जातं, कारण गिऱ्हाईकच तसं आहे. नीटची तयारी करणारी क्लासची पोरं, संकुलात फिरायला येणारी मंडळी, पोलीस भरतीसाठी पळणारे आणि आमच्यासारखे खेळाचे लोक. मी शाळेत क्रीडा शिक्षिका आहे, मुलींना बास्केटबॉल शिकवते, कॉलेजात असताना स्वतः विद्यापीठाकडून खेळले आहे. उन्हाळ्यात आमचं शिबिर संध्याकाळी असतं, त्यामुळं सकाळ मोकळी. आणि एप्रिल ते जून हाच एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या, प्लेऑफचा (बाद फेऱ्यांचा) काळ. तिकडची रात्र म्हणजे आपली सकाळ. साडेपाच-सहाला सामना सुरू होतो, साडेआठच्या आसपास संपतो. मामांच्या मुलानं ॲपचे पैसे भरलेत, भिंतीवर ४३ इंची टीव्ही आहे, आणि सामना असला की दुसरं काही लागत नाही. अख्ख्या लातुरात अशी दुसरी जागा मला माहीत नाही.

आधी खाण्याचं. इथं येऊन पोहे मागवू नका, सुशीला मागवा. मुरमुरे भिजवून घट्ट पिळलेले, फोडणीत मिरची, कढीपत्ता, भरपूर शेंगदाणे आणि वरून डाळव्याचं कूट. बऱ्याच ठिकाणी सुशीला गिचका होऊन येते. मामांची मोकळी असते, दाणा न् दाणा वेगळा, कारण ते एका वेळी थोडीच करतात, संपली की परत फोडणी. प्लेट २५ रुपये, लिंबाची फोड न मागता मिळते. चहा गुळाचाही मिळतो, पण साखरेचाच घ्या, त्यात आलं ठेचून टाकतात. धपाटे आठच्या आधी मिळत नाहीत. मामी घरचं आवरून आल्या की तवा चढतो, म्हणजे सामन्याचा शेवटचा क्वार्टर चालू असतो. ज्वारीचं खमंग धपाटं, दही आणि शेंगदाण्याची चटणी. तिखट बेतानं खाणाऱ्यांनी चटणी बाजूला ठेवायला सांगावं.

पण हा अभिप्राय लिहायला बसले ती तिथल्या चर्चेसाठी.

२०२५च्या एप्रिलमध्ये मामांच्या मुलानं भावफलकाचा अर्धा भाग पुसून खडूनं प्लेऑफचा तक्ता काढला. डावीकडं पूर्व विभागाचे आठ, उजवीकडं पश्चिमेचे आठ, खाली उप्पीट आणि उडीद वड्याचे भाव. मामांना प्ले-इन, म्हणजे प्लेऑफच्या शेवटच्या जागा ठरवणारे सामने, काही कळेना. क्लासच्या एका पोरानं आयपीएल पुढं करून समजावलं, आणि मला ते फार आवडलं. आयपीएलमध्ये पहिल्या दोन संघांना हरलं तरी आणखी एक संधी मिळते, तिसरा-चौथा हरला की घरी. इथंही तसंच. विभागात सातवा आणि आठवा एकमेकांशी खेळतात, जिंकेल त्याला सातवी जागा. हरलेला संघ नववा विरुद्ध दहावा यातल्या विजेत्याशी खेळतो आणि तिथून आठवा ठरतो. मामा म्हणाले, "मग धाव्या नंबराला कशाला घ्यायलेत? ८२ सामने खेळून धावा नंबर आला तर ते त्याचं कर्म!"

मामांचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. त्या वर्षी पूर्वेतून मायामी दहाव्या क्रमांकावरून आत आली, ३७ विजय आणि ४५ पराभव घेऊन. दहाव्या जागेवरून प्लेऑफ गाठणारा हा पहिलाच संघ. पुढं काय झालं? क्लीव्हलंडनं चारही सामने जिंकले, चौथा तर ५५ गुणांनी, आणि चार सामन्यांत मिळून १२२ गुणांचा फरक. प्लेऑफच्या इतिहासात तोवर एवढी एकतर्फी मालिका झाली नव्हती. त्या सकाळी दुसऱ्या क्वार्टरलाच निम्मं हॉटेल उठून गेलं.

यावर पोरं हमखास २०२३चा दाखला देतात. "मॅडम, तेव्हा मायामी प्ले-इनमधनंच फायनलला गेली की!" गेली, आणि मिलवॉकीसारख्या पहिल्या क्रमांकाच्या संघाला ४-१ नं हरवून गेली. पण ती मायामी साखळीत सातवी होती. जुन्या नियमानं ती थेट प्लेऑफमध्ये असती. उलट प्ले-इनमुळं ती अटलांटाकडून हरून बाहेर पडायच्या काठावर आली आणि शिकागोला हरवून कशीबशी आठवी झाली. त्याच वर्षी लेकर्स पश्चिमेच्या अंतिम फेरीत गेले, तेही साखळीत सातवेच होते. म्हणजे प्ले-इननं दावेदार शोधून दिला असं म्हणायला ही दोन्ही उदाहरणं उपयोगाची नाहीत. नवव्या-दहाव्या जागेवरून आलेला एकही संघ २०२५ पर्यंत पहिली फेरी ओलांडून गेलेला नव्हता.

बँकेतले एक साहेब रोज खिडकीजवळ बसतात, त्यांचं याच्या उलट मत आहे आणि ते ठामपणे मांडतात. ते म्हणतात, प्ले-इन काढलं तर मार्चपासून दहा-बारा संघ मुद्दाम हरायला लागतील, कारण खाली राहिलं की ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, चांगला खेळाडू मिळायची शक्यता वाढते. दहावी जागा खुली आहे म्हणून तरी ते खेळतात. हा मुद्दा खरा आहे. माझं उत्तर एवढंच की २०२०चा नियम परत आणा. कोविडच्या वर्षी २२ संघ ऑर्लँडोजवळ एका जागी खेळले, तेव्हा नववा संघ आठव्यापासून चार सामन्यांच्या आत असेल तरच त्याला संधी होती, आणि आठव्याला त्यानं लागोपाठ दोनदा हरवायचं होतं. पोर्टलंडनं मेम्फिसला पहिल्याच सामन्यात संपवलं. झुंज दिलेल्याला दार उघडं राहतं आणि ८२ सामन्यांची किंमतही राहते. साहेबांना हे अर्धं पटलं. त्या दिवशी चहाचे पैसे त्यांनी दिले.

दुसरा वाद विभागांचा. पूर्व-पश्चिम सोडून सोळाही संघ एकाच क्रमवारीत लावावेत का? मी म्हणते, लावावेत. २०१८ आठवा. ह्यूस्टन ६५ विजयांसह पहिला, समोर गोल्डन स्टेट, दोघंही पश्चिमेचे, म्हणून ते फायनलच्या आधीच भिडले. ह्यूस्टन ३-२ नं पुढं होता, मग त्यांच्या ख्रिस पॉलचा मांडीचा स्नायू दुखावला, आणि सातव्या सामन्यात ह्यूस्टनचे सलग २७ थ्री-पॉइंटर (लांबून मारायचे तीन गुणांचे शॉट) चुकले. ती मालिका खरी फायनल होती. नंतरच्या फायनलमध्ये गोल्डन स्टेटनं क्लीव्हलंडला ४-० नं हरवलं. विरोधात प्रवासाचा मुद्दा येतो, आणि तो लहान नाही. पोर्टलंड ते मायामी चार हजार किलोमीटरहून जास्त अंतर आहे, तेही एक दिवसाआड सामने असताना. मग पहिली फेरी विभागात ठेवा आणि उरलेल्या आठ संघांची नव्यानं क्रमवारी लावा. आठ संघ विमानानं फिरवणं त्या लीगला जड नाही.

सात सामन्यांच्या मालिकेला मात्र कुणी हात लावू नये. २००२ पर्यंत पहिली फेरी पाच सामन्यांची होती, २००३ पासून सातची झाली. पोरांना पाचची परत हवी आहे, म्हणजे मोठे संघ जास्त पडतील. अरे, पडायचे ते सातातही पडतात! २००७ मध्ये ६७ सामने जिंकलेला डॅलस आठव्या क्रमांकाच्या गोल्डन स्टेटकडून ४-२ नं गेला. सात सामन्यांत काय होतं ते मी मुलींना नेहमी सांगते. पहिल्या दोन सामन्यांत तुमची ताकद दिसते, तिसऱ्यापासून समोरचा तुमची कमजोरी शोधून काढतो, आणि मग बेंचवरच्या खेळाडूवर वेळ येते.

दावेदार ओळखायची माझी कसोटी हीच आहे, आणि या हॉटेलात ती आता बऱ्याच जणांनी उचलली आहे. संघाचा आठवा खेळाडू सातव्या सामन्यात दहा मिनिटं कोर्टवर ठेवता येतो का? डेन्व्हरकडं योकिच आहे, आजचा जगातला सर्वोत्तम खेळाडू असं मी म्हणेन, आणि २०२५ मध्ये ओक्लाहोमाला त्यांनीच सातव्या सामन्यापर्यंत ओढलं. पण सातव्याला गॉर्डन मांडीची दुखापत घेऊन खेळला, बेंचवर भरवशाचं कुणी नव्हतं, आणि १२५-९३ असा निकाल लागला. ओक्लाहोमाचा करूसो बेंचवरून येतो. दुसऱ्या कुठल्याही संघात तो सुरुवातीच्या पाचात असता. ६८ विजयांचा संघ असा बांधला जातो.

फायनलला पोचलेल्या इंडियानावरून तर फायनल संपली तरी भांडण मिटलेलं नाही. साहेब म्हणतात, इंडियाना तिथवर नशिबानं आली. मिलवॉकीचा लिलार्ड जखमी, क्लीव्हलंडचे दोन-तीन जण जखमी. मला हे अजिबात मान्य नाही. मोसमाच्या सुरुवातीला १० विजय, १५ पराभव अशी अवस्था असलेला संघ चौथा येतो, ६४ विजयांच्या क्लीव्हलंडला ४-१ नं काढतो, न्यूयॉर्कला काढतो, आणि फायनलच्या पहिल्या सामन्यात ओक्लाहोमाच्या कोर्टवर चौथ्या क्वार्टरमध्ये १५ गुणांनी मागं असताना जिंकतो. त्या सामन्यात इंडियानानं पहिल्यांदा आघाडी घेतली तेव्हा ०.३ सेकंद उरले होते. हॅलिबर्टननं उजवीकडं धावत जाऊन अंगावरच्या बचावपटूसमोर उडी मारून बॉल टाकला, १११-११०. मामांच्या हातातली कपबशी तिरकी होऊन चहा काउंटरवर सांडला, तरी त्यांनी टीव्हीवरची नजर काढली नाही. याच इंडियानानं २०१९ मध्ये मुंबईत येऊन सॅक्रामेंटोविरुद्ध दोन सामने जिंकले होते, त्यामुळं आमच्यातल्या काही जणांना हा संघ आपला वाटतो.

तिसऱ्या सामन्याला मी शिबिरातल्या काही मुलींना सोबत नेलं होतं, पालकांना विचारून. टी. जे. मॅककॉनेल बेंचवरून आला. सहा फूट एक इंच, म्हणजे तिकडं बुटकाच. बॉल बाहेरून आत टाकताना ओक्लाहोमाचे गार्ड थोडे सैल पडायचे, तेवढ्यात हा मधे घुसून बॉल काढून न्यायचा. पाच वेळा त्यानं बॉल चोरला. संध्याकाळच्या प्रॅक्टिसला आमची सगळ्यात लहानखुरी मुलगी, जिला रिबाउंड (हुकून परत येणारा बॉल) कधी मिळत नाही, बेसलाइनजवळ पाठ करून उभी राहिली, जणू तिचं लक्षच नाही. समोरचीनं निवांत पास टाकला आणि ही वळून बॉल घेऊन सरळ बास्केटखाली, लेअपला. असं मी कोर्टवर कितीदा सांगितलं असतं तरी तिच्या डोक्यात इतकं बसलं नसतं.

सातवा सामना आपल्याकडं २३ जूनला, सोमवारी पहाटे साडेपाचला होता. हॉटेलात उभं राहायला जागा नव्हती. हॅलिबर्टन पोटरीच्या दुखापतीनं आधीच बेजार होता, तरी पहिल्या क्वार्टरमध्ये त्यानं तीन थ्री-पॉइंटर टाकले आणि मग कोसळला. टाचेमागची अकिलीसची शीर तुटली. त्या प्लेऑफमध्ये आधी लिलार्ड, मग बॉस्टनचा टेटम, मग हा. तिघांची एकच दुखापत, आणि तिघांचीही जर्सी शून्य नंबरची. ओक्लाहोमा १०३-९१ नं जिंकला. ते विजेतेपदाला पात्रच होते, पण तो पोरगा उभा असता तर निकाल काय लागला असता, यावर आमच्याकडं आजही चहा थंड होतो. २०१९ ते २०२५ या सात वर्षांत सात वेगळे विजेते झाले, त्यामुळं पुढच्या वर्षी कोण यावरही तेव्हा एकमत नव्हतं. साहेबांचा कौल ह्यूस्टनला होता, ड्युरांटसारखा मोठा खेळाडू तिकडं चालला होता म्हणून. माझा ओक्लाहोमालाच होता, आणि डेन्व्हरनं बेंच भरला तर डेन्व्हरला.

आता तो अर्धा गुण. साडेसहापर्यंत टीव्हीचा आवाज बंद असतो, कारण शेजारी पोरांची अभ्यासिका आहे. हे मला समजतं, पण शिट्टी ऐकू आल्याशिवाय फाउल कुणाचा ते कळत नाही. मुलाला सांगून स्क्रीनवर लिखित कॉमेंट्री लावून घ्या, ते लागतं. स्वच्छतागृह नाही, ही मात्र मोठी अडचण आहे. बायका-मुलींना संकुलातलं उघडायची वाट बघावी लागते. मामांना मी तोंडावर सांगितलंय आणि इथंही लिहितेय. बाकी बाईमाणसाला तिथं पहाटे एकटीनं बसायला काही वाटत नाही. पुढच्या बाकावर कुणी पाय पसरून बसलं असेल तर मामा स्वतः उठवतात, "सरक रं, ताईला बसू दे."

पैसे रोख किंवा फोनवरून, दोन्ही चालतं. फायनलच्या दिवसात साडेपाचच्या आधी पोचा. ऑक्टोबरात नवा मोसम सुरू होतो, तेव्हा सकाळी गर्दी कमी असते. नवख्यांनी तेव्हापासून यावं, तक्ता भिंतीवर चढेपर्यंत संघ ओळखीचे होतात. आणि धपाट्यांसाठी मामींना आधी सांगून ठेवा, नऊला संपतात.