इमारतीला पाच, क्लिनिकलला अडीच : माझ्या नर्सिंग कॉलेजचा रिव्ह्यू

सीईटीचा निकाल लागला की नात्यातल्या, गावातल्या मुलींचे फोन सुरू होतात. ‘ताई, तुझं कॉलेज कसं आहे गं?’ दर वेळी तेच सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. नाव लिहीत नाही. माझ्याच बॅचची एक जण आज तिथे ट्यूटर आहे आणि मला तिच्या घरी जेवायला जायचं असतं.

पश्चिम महाराष्ट्रातलं, तालुक्याच्या गावातलं खासगी कॉलेज. बी.एस्सी. नर्सिंग, नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाशी संलग्न. मी २०१९ ला पास झाले. तेव्हा वार्षिक पद्धत होती. २०२१-२२ पासून सेमिस्टर आली, त्यामुळे कागदावरचे आकडे आता थोडे वेगळे असतील. दुखणं मात्र बदललेलं दिसत नाही.

आधी चांगलं. इमारत झकास. फाउंडेशन लॅब, म्हणजे नर्सिंगच्या मूलभूत कामांचा सराव करायची खोली, तर नंबर एक: बेड, लॉकर, ट्रॉल्या, रबरी हातावर आयव्ही (शिरेतली सुई) लावायची सोय, आणि त्या मॅडम इतक्या कडक की बेड मेकिंगचा कोपरा जरा ढिला दिसला तर अख्खी चादर उपसून टाकायच्या. आजही वॉर्डात माझा कोपरा लोक ओळखतात. हॉस्टेल सुरक्षित, मेस ठीक. आमटीत डाळ शोधावी लागायची, पण ते कुठे नाही?

आता मुद्द्याचं, म्हणजे क्लिनिकल: खऱ्या पेशंटवर शिकणं. नर्सिंग कौन्सिलच्या नियमाप्रमाणे कॉलेजचं स्वतःचं शंभर खाटांचं हॉस्पिटल लागतं, त्यातल्या ७५ टक्के खाटा भरलेल्या हव्यात आणि एका विद्यार्थिनीमागे तीन पेशंट हवेत. आमच्याकडे खाटा शंभर होत्या, मोजून घ्या. पेशंट? मोफत शिबिर लागलं की मेडिकल वॉर्ड भरायचा, शिबिर उठलं की एका पेशंटभोवती आम्ही सहा जणी. त्या बिचाऱ्या आजोबांचं बीपी सकाळी सहा वेळा मोजलं जायचं. ते स्वतःच बाही वर करून बसायचे. उरलेल्या वेळात काम काय, तर फायली पोचवा, मेडिकलमधून औषधं आणा, ओपीडीत नंबर पुकारा. हजेरी मात्र पूर्ण लागायची, कारण थिअरीला ८० टक्के चालतं, पण डिग्रीआधी प्रॅक्टिकलची हजेरी १०० टक्के भरावीच लागते.

खरी अडचण मिडवाइफरीची, म्हणजे बाळंतपणाच्या कामाची. आमच्या अभ्यासक्रमात प्रत्येकीने ३० गरोदर बायांची तपासणी आणि २० नॉर्मल डिलिव्हरी करायच्या, शिवाय २० बाळंतिणींची काळजी. चाळीस जणींच्या बॅचला झाल्या आठशे डिलिव्हरी! कॉलेजच्या हॉस्पिटलात सिझेरियन जास्त, आणि पैसे भरून आलेल्या घरचे ‘शिकाऊ मुलगी नको’ म्हणायचे. त्यांचंही काय चुकलं? मग आम्हाला सरकारी दवाखान्यात पाठवायचे. तिथे आमच्या आधी जीएनएम आणि एएनएम या नर्सिंगच्या दुसऱ्या कोर्सच्या मुली आणि इंटर्न डॉक्टर रांगेत.

पण जे काही शिकले ते तिथल्या लेबर रूममध्ये, आणि तिथल्या जुन्या सिस्टरांकडून. माझ्या हातून पहिली डिलिव्हरी चालली होती तेव्हा त्यांच्यातल्या एक सिस्टर मागून ओरडल्या, ‘पोरी, घड्याळाकडं काय बघतीस? डोकं बघ, डोकं! आधार कुठंय खालचा?’ आणि त्यांनी माझा तळवा धरून योनीखालच्या भागावर टेकवला. बाळ आलं, मिनिटाच्या आत गर्भाशय घट्ट होण्यासाठी ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन, आणि मग माझी घाई सुरू, वार बाहेर काढायला नाळ ओढायची. त्यांनी मनगट पकडलं. ‘थांब. पोटावर हात ठेव.’ गर्भाशय हाताखाली गोल, घट्ट होत गेलं, नाळ आपोआप लांब आली, थोडं रक्त सुटलं, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘आता.’ लॅबमधल्या मॅनिकिनचं, सरावाच्या पुतळ्याचं, पोट असं घट्ट होत नाही.

कॉलेजची एकही मॅडम तिकडे पूर्ण शिफ्ट थांबायची नाही. सकाळी बसमधून उतरवलं, हजेरी घेतली, गेल्या. केस बुकवर, म्हणजे प्रत्येकीने केलेल्या केसेसच्या नोंदवहीवर, सह्या शेवटच्या आठवड्यात गठ्ठ्याने. त्यामुळे एकाच बाईची एकच डिलिव्हरी तीन केस बुकांत तीन जणींनी केलेली सापडायची! परीक्षक विचारायचे नाहीत. पुढे नोकरीला लागल्यावर नाइटला एकटी असताना मात्र ते उघडं पडतं. माझ्या बॅचच्या दोघी पहिली काही वर्षं लेबर रूमची ड्युटी टाळायच्याच.

तर पाचपैकी इमारतीला पाच, लॅबला पाच, क्लिनिकलला अडीच. त्यातले दोन त्या सिस्टरांचे, कॉलेजचे नव्हेत.

बघायला जाणार असाल तर ऑफिसात चहा पिऊन परत येऊ नका. सकाळी नऊला थेट वॉर्डात जा आणि खाटांवर किती माणसं आहेत ते बघा. महिन्याला नॉर्मल डिलिव्हरी किती होतात, बाहेरच्या पोस्टिंगचं हॉस्पिटल कोणतं, तिथे अजून किती कॉलेजं येतात, मुलींबरोबर मॅडम किती वेळ थांबतात, हे फायनल इयरच्या मुलींना विचारा, प्राचार्यांना नको. आणि विचारताना जरा बाजूला घ्या. हॉस्टेलच्या वॉर्डन तिथेच घुटमळत असतात.