कोलंबोला माल पाठवायचाय: साफ्टा घ्यावा की भारत–श्रीलंका करार?

कोल्हापूरच्या उद्यमनगरात बनलेला पंप न्हावा शेव्याहून कोलंबोला गेला, की तिथल्या आयातदाराला शुल्कात सवलत मागता येते. ती मिळायला दोन करार आहेत. एक सार्क या दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेचा साफ्टा, म्हणजे दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करार, 2004 मध्ये सह्या झालेला आणि 2006 पासून चालू असलेला. दुसरा भारत–श्रीलंका मुक्त व्यापार करार. त्यावर डिसेंबर 1998 मध्ये सह्या झाल्या आणि मार्च 2000 पासून तो अमलात आला. दोन्हींचे उत्पत्ती दाखले, म्हणजे माल भारतात बनल्याचे दाखले, वेगळे असतात, म्हणून कुठला काढायचा ते माल भरण्याआधीच ठरवा.

पहिला फरक शुल्काचा. द्विपक्षीय करारात श्रीलंकेच्या नकारात्मक यादीत (सवलत न मिळणाऱ्या वस्तूंच्या यादीत) नसलेल्या वस्तूवर सीमाशुल्क शून्य. साफ्टात ते 0 ते 5 टक्क्यांपर्यंत उतरतं, आणि तिथे संवेदनशील वस्तूंची यादी वेगळी आहे. एका यादीत नसलेली वस्तू दुसरीत सापडू शकते, तेव्हा एचएस कोड, म्हणजे सीमाशुल्कासाठी वस्तूला दिलेला वर्गीकरण क्रमांक, हातात घेऊन दोन्ही याद्या पाहाव्यात. निम्मे लोक इथेच घाई करतात.

खरी मेख पुढे आहे. समजा पंपाची एफओबी किंमत, म्हणजे जहाजावर चढेपर्यंतची किंमत, 10,000 रुपये. मोटर, बेअरिंग, सील असा 6,200 रुपयांचा माल चीनमधून आला. भारतातली मूल्यवृद्धी उरली 38 टक्के. द्विपक्षीय कराराला 35 टक्के पुरतात, म्हणजे तुम्ही पास. साफ्टात भारताला 40 टक्के लागतात, म्हणजे नापास. पंप तोच, कारखाना तोच!

टक्के जमले तरी काम संपत नाही. तयार माल आणि परदेशी सुटे भाग यांचे चार आकडी एचएस शीर्षक वेगळे असावे लागतात. पंप 8413 मध्ये, मोटर 8501 मध्ये, इथवर ठीक. पण इम्पेलर, म्हणजे पंपातलं पाणी ढकलणारं फिरतं चाकही, परदेशातून मागवलात तर तो पंपाचा भाग म्हणून 8413 मध्येच मोडतो आणि दाखला अडतो. ही अट दोन्हीकडे आहे; साफ्टात काही वस्तूंना खास नियम आहेत, तेवढे तपासा. इम्पेलर गावातल्याच फाउंड्रीतून ओतून घेतलात तर प्रश्नच मिटला.

मग साफ्टा कुणी घ्यावा? ज्याचा कच्चा माल बांगलादेश, नेपाळ अशा सार्क देशांतून येतो त्याने. तिथे शेजाऱ्यांचा वाटा धरून एकूण 50 टक्के भरले आणि त्यात भारताचे किमान 20 असले तर चालतं. आणि ढाक्याला माल पाठवणाऱ्यानेही, कारण बांगलादेशाशी आपला श्रीलंकेसारखा वेगळा करार नाही. पण म्हणून निर्धास्त राहू नका. बांगलादेशाने संत्र्यावरचं आयातशुल्क वाढवत नेलं आणि वरुड-मोर्शीच्या बागायतदारांचा बाजार बसला, तेव्हाही साफ्टा होताच.

सार्कमध्ये निर्णय एकमताने होतात आणि नेत्यांची शेवटची शिखर परिषद 2014 मध्ये काठमांडूत झाली. साफ्टा बंद नाही, पण त्यात सुधारणा होईल या भरवशावर मी तरी पाच वर्षांचा हिशेब मांडणार नाही. श्रीलंकेशी निदान व्यापक कराराच्या वाटाघाटी तरी होतात, रखडत का होईना.

तेव्हा पंपवाल्याला माझं उत्तर द्विपक्षीय करार. दर सांगताना मात्र जपून. सवलत सीमाशुल्कापुरती असते. श्रीलंकेतले सेस, बंदर आणि विमानतळ लेव्ही, व्हॅट यांचा हिशेब वेगळा. शिवाय वाचलेले पैसे आधी तिकडच्या आयातदाराच्या खिशात जातात. त्यातलं काही तुमच्याकडे यायला हवं असेल, तर दाखल्याची गोष्ट भाव ठरण्याआधी काढा. ऑर्डर पक्की झाल्यावर तो नुसता "थँक्यू" म्हणेल.