सिंहगड रस्त्यावरचं रात्रीचं मेडिकल: आधी चौकशी, मग औषध

पुण्यात वडगाव ते धायरी फाटा या पट्ट्यात रात्रभर उघडी मेडिकल बरीच आहेत. रात्री अकरानंतर काउंटरवर नोंदणीकृत फार्मासिस्ट मिळेल अशी थोडीच, आणि हे त्यांतलं एक. रात्रपाळीला पंचविशीतले दोघं असतात, दोघंही बी. फार्म. झालेले. गिऱ्हाइकांत रूमवर राहणारी कॉलेजची मुलं निम्म्याहून जास्त.

ओआरएस द्यावं तर यांनीच. २०२५ च्या जानेवारीत किरकटवाडी, नांदेड गाव, खडकवासला भागात जीबीएसची (गिलियन-बारे सिंड्रोम: बहुतेकदा जुलाबानंतर नसांवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडण्याचा आजार) साथ आली, तेव्हापासून या रस्त्याला जुलाबाची धास्ती आहे. इथे गोड टेट्रापॅक पुढे सरकवत नाहीत. (अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ लिहायला एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, ऑक्टोबर २०२५ मध्ये बंदी घातली, ते बरंच झालं.) डब्ल्यूएचओच्या सूत्राची पुडी देतात: लिटरमागे मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५, ट्रायसोडियम सायट्रेट २.९. आणि लगेच विचारतात, ‘ताई, घरी पाणी कशानं मोजणार?’ गफलत होते ती तिथेच. लिटरची पुडी २०० मिलीच्या पेल्यात ढवळली की मीठ पाचपट होतं, आणि ते लहान बाळाच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून एक लिटरची बाटली हातात धरून दाखवतात: अख्खी पुडी, अख्खी बाटली, चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्या. मूल ओकलं तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमचा-चमचा पाजा.

त्यापुढचा त्यांचा प्रश्न फार मोलाचा आहे. जुलाब थांबून आठवडा-दोन आठवडे झाल्यावर पायांत मुंग्या येतात का, जिना चढताना पाय लटपटतात का? उत्तर ‘हो’ आलं तर जीबीएसची शंका धरून कुठलीही ताकदीची गोळी न देता १०८ लावायला सांगतात.

मुलांच्या तापाच्या औषधातही तीच काळजी. पॅरासिटामॉल सिरप ५ मिलीत १२० मिलिग्रॅमचं मिळतं, तसंच २५० चंही. दहा किलोच्या मुलाला एका वेळी १५० मिलिग्रॅम, म्हणजे पहिल्यातून सव्वासहा मिली, दुसऱ्यातून ३. बाटली बदलली आणि माप तेच राहिलं की डोस दुप्पट होतो. इथे बाटलीवर मार्करने मिली लिहून देतात. पावसाळ्यात, डेंग्यूची शंका असताना आयब्युप्रोफेन मागितलं तर देत नाहीत, कारण रक्तस्रावाचा धोका वाढतो.

चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मिळत नाही, म्हणून काही जण एक तारा देऊन जातात. तो राग चुकीचा आहे. शेड्यूल एच-१ ची, म्हणजे ज्यांची विक्री वेगळी लिहून ठेवावी लागते अशा औषधांची (त्यांत बरीच अँटिबायोटिक येतात), नोंद त्यांना तीन वर्षं जपावी लागते.

उणं काय? दम्याचा पंप असतो, स्पेसर (पंपाला जोडायची, औषध फुफ्फुसांत नीट जावं म्हणूनची नळी) बऱ्याचदा नसतो. लहान मुलाला स्पेसरशिवाय पंप दिला तर बरंचसं औषध तोंडात आणि घशातच राहतं, त्यामुळे रात्रीच्या दुकानात ही उणीव मोठी आहे. एवढ्यासाठी एक तारा कमी.

रूममेटसाठी औषध आणायला जाणाऱ्याने त्याचं वजन, आधी घेतलेल्या गोळीच्या पाकिटाचा फोटो आणि ती घेतल्याची वेळ सोबत न्यावी. सुटे पैसेही ठेवा, रात्री यूपीआय कधीकधी अडतं.