फिडल लीफ फिग: झाडाला पाचपैकी साडेचार, ते ज्या मातीत मिळालं त्या मातीला दीड

हे मोठ्या पानांचं झाड घ्यावं का, असं आमच्या बेळगावातल्या अनगोळच्या गल्लीत तिघी-चौघींनी विचारलंय, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

झाड खानापूर रोडवरच्या एका नर्सरीतलं, गेल्या एप्रिलमध्ये घेतलेलं. अडीच फूट उंच, एकच सरळ खोड, किंमत साडेसहाशे. घासाघीस केली असती तर पन्नास उतरले असते, पण नर्सरीच्या अण्णांनी ते डिकीत आडवं न टाकता पुढच्या सीटपाशी उभं बांधून दिलं, मग मीही ताणलं नाही. तिथला माळी कमी बोलणारा. "वैनी, नीर कडिमी हाक्री, बेळक छलो इरली," म्हणजे पाणी कमी घाला, उजेड चांगला असू दे, एवढंच कानडीत म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळला. पाण्याचं आणि उजेडाचं सगळं शास्त्र तेवढ्यात आलं. सेवेला पाचपैकी पाच.

तक्रार मातीची. घरी येऊन पिशवी फाडली तर आत चिकणमातीचा घट्ट गोळा. बोट शिरेना. वरून पाणी घातलं की कडेनं ओघळून जातं, गोळ्याच्या पोटात कोरडं. आणि पावसाळ्यात एकदा का तो गोळा भिजला की आठवडे वाळत नाही. हे झाड मूळचं पश्चिम आफ्रिकेतल्या, सिएरा लिओनपासून कॅमेरूनपर्यंतच्या पावसाळी जंगलातलं. पाऊस त्याला नवा नाही, पण तिथं पाणी निचरून जातं आणि मुळांना हवा मिळते. कधीकधी तर ते वडा-पिंपळासारखं दुसऱ्या झाडावर रुजून वाढतं. चिखलात बसणाऱ्या जातीतलं ते नव्हेच.

माझं माहेर येळ्ळूर, घरचा भात. त्यामुळे माती मोकळी ठेवायला ऑनलाइन मिळणाऱ्या पांढऱ्या परलाइटच्या (हलक्या खड्यांच्या) पुड्या मी घेतल्या नाहीत. राईस मिलमधून तूस आणलं, पत्र्यावर धुमसत ठेवलं आणि काळं झाल्याबरोबर पाणी मारून विझवलं. पांढरी राख होऊ द्यायची नाही, ती माती खारवते आणि गच्च बसते. दोन भाग तांबडी माती, दोन भाग हे जळकं तूस, एक भाग कोकोपीट, वर दोन मुठी गांडूळखत. जुना गोळा पाण्यात भिजवून बोटांनी हलक्या हातानं सोडवला. कुंडी जुन्या पिशवीपेक्षा दोनच इंच मोठी, खाली भोकं मोकळी. मोठ्या कुंडीचा मोह आवरा, मुळं नाहीत तिथली माती ओलीच राहते. नर्सरीत कुंडी बदलून देतात, पण पुन्हा त्याच मातीत.

आता बेळगावच्या हवेचं. जुलैत इथं कपडे वाळत नाहीत, तिथं कुंडी कुठून वाळणार? मार्च-एप्रिलमध्ये आठवड्यातून दोनदा पाणी लागतं, जुलै-ऑगस्टमध्ये कधी पंधरा दिवस लागत नाही. वार ठरवून पाणी घालणाऱ्यांनी हे झाड घेऊच नये. बोट दोन इंच खुपसायचं, कोरडं लागलं तर भोकातून येईपर्यंत घालायचं आणि ताटलीतलं पाणी ओतून टाकायचं. खालच्या पानांवर काळपट तपकिरी डाग पसरायला लागले तर पाणी जास्त झालंय. कडा कुरकुरीत, फिक्या तपकिरी झाल्या तर कमी. कोवळ्या पानावर बारीक लालसर ठिपके दिसले तर घाबरू नका, ओल-कोरड फार खाली-वर झाली की ते येतात, पान मोठं होताना बरेच फिके पडतात.

उजेडाबाबत मात्र हे झाड हट्टी आहे. फोटोत ते टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात उभं दिसतं, तिथं ते फार दिवस टिकत नाही. ट्यूबलाइट म्हणजे ऊन नव्हे. आमच्याकडे पूर्वेच्या खिडकीशी, सकाळचं कोवळं ऊन पानांवर येईल असं ठेवलंय. पश्चिमेचं एप्रिलचं ऊन थेट आलं तर पानं भाजतात. शहापूर-वडगावच्या जुन्या, खोल घरांत मधल्या खोलीत ठेवायचा विचार असेल तर सरळ रबर प्लांट घ्या. एकाच कुळातला आहे, बहुतेक ठिकाणी स्वस्त मिळतो आणि कमी उजेड जास्त सोसतो. जागा ठरली की सारखी हलवू नका, हलवलं की पानं गाळतं. कुंडी तिथल्या तिथं पाव फेरा फिरवली तर चालते.

कुळावरून आठवलं. पान तुटून पांढरा चीक आला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "हे उंबराच्या जातीचं दिसतंय की गं." बरोबर ओळखलं त्यांनी. वड, पिंपळ, उंबर, सगळी याची भावंडं. त्यावर शेजारच्या काकू घरात उंबर ठेवतात का म्हणून दोन दिवस चर्चा करत होत्या, ते सोडा. चीक मात्र कातडीला खाजवतो, तोंडात गेला तर जळजळतो. रांगतं मूल किंवा पानं चघळणारं मांजर असेल तर विचार करून घ्या.

थंडीत डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा तेरा-चौदावर येतो तेव्हा खिडकीची फट लावते, वाढ थांबते, खत बंद. फेब्रुवारीनंतर एकोणीस-एकोणीस-एकोणीस हे पाण्यात विरघळणारं खत, लिटरला एक ग्रॅम, महिन्यातून एकदा. कोरड्या वाऱ्यात पानामागे लाल कोळी ही बारीक कीड धरते, म्हणून ओल्या फडक्यानं दोन्ही बाजू पुसायच्या. पानं चमकवायचा स्प्रे नर्सरीत काउंटरवरच ठेवलेला असतो, तो घेऊ नका, फडकं पुरतं.

नवीन पानं आता हातभर लांबीची येतायत. या झाडाची पानं दीड फुटापर्यंत जातात, म्हणजे जागा लागतेच. उंची छताला लागायला आली की शेंडा गुटी कलम करून (खोडाची साल काढून, तिथं ओलं शेवाळ बांधून, मुळं फुटली की कापून) उतरवता येतो, डाळिंबाला बांधतो तशीच गुटी. पाण्याच्या बाटलीत नुसतं एक पान लावून विकणारे दिसले तर पैसे घालवू नका. पानाला मुळं फुटतात, पण देठाशी खोडाचा डोळा नसेल तर ते जन्मभर एक पानच राहतं.

नर्सरीत निवडताना एकच खोड असलेलं उंच झाड दिसायला छान, पण तळाशी दोन-तीन फांद्या असलेलं बुटकं घ्या, ते स्वस्तही असतं. आणि खरेदी पावसाळ्यात नको. जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत आणा, माती तेव्हाच बदला, म्हणजे जूनपर्यंत मुळं नव्या मातीत धरलेली असतात.