जाहिरात फसवी निघाली तर आस्की की ग्राहक आयोग?

वहिनींनी दादर स्टेशनबाहेरचं होर्डिंग बघून केस उगवणारं तेल घेतलं, डोक्यावर काही फरक नाही, आणि आता विचारतायत की तक्रार नक्की कुठे करू, जाहिरातींवर नजर ठेवणाऱ्या आस्कीकडे (ASCI, Advertising Standards Council of India) की ग्राहकांच्या तक्रारी सोडवणाऱ्या ग्राहक आयोगाकडे.

खर्चाचं म्हणाल तर आस्कीकडे ऑनलाइन तक्रार फुकट, ग्राहक आयोगातही पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही आणि वकील सक्तीचा नाही, पण बिल जपा, बाटलीचे फोटो काढा, तारखांना जा, ही दगदग आहेच.

खरा फरक ताकदीत. आस्की ही जाहिरात धंद्यातल्यांनीच १९८५ साली मुंबईत काढलेली संस्था, ती दंड करू शकत नाही, जाहिरात बदला किंवा काढा एवढंच सांगते. शरीर स्वतःला आवरतं, साखर वाढली की इन्सुलिन आपोआप सुटतं, पण इथे ज्या जाहिरातदाराला आवरायचं त्यानेच ऐकायला हवं, आणि मला हे मनापासून खटकतं. टीव्हीवर मात्र आस्कीची संहिता मोडणारी जाहिरात केबलच्या नियमांनुसार दाखवताच येत नाही, तिथे तिचं वजन पडतं.

पैसे परत हवे असतील तर वहिनी, तुम्ही सरळ जिल्हा ग्राहक आयोगात जा. ज्यांनी काही विकत घेतलं नाही, ज्यांना फक्त ते होर्डिंग उतरावं असं वाटतंय, त्यांनी आस्कीला लिहावं.