परिषद खरी, खोली खोटी

७०,८७१ रुपये. परदेशातल्या परिषदेसाठी खोली घेताना एवढे बुडाले. आकडा आधीच सांगून टाकते, कारण सगळी गोष्ट ऐकून झाल्यावर प्रत्येक जण शेवटी तेच विचारतो. तेव्हा माझी फेलोशिप महिना ३५ हजार होती आणि तीही तीन-चार महिन्यांनी एकदम जमा व्हायची. म्हणजे दोन महिन्यांची कमाई गेली म्हणा. पण पैसे माझे नव्हते. बाबांचे होते.

मी प्राण्यांच्या वर्तनावर पीएचडी करत होते. साताऱ्याच्या वर चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या पायथ्याशी एक सरडा राहतो. पाऊस सुरू होण्याआधीच्या महिन्यांत त्याचा नर दगडावर चढतो आणि गळ्याखालचा पंखा उघडतो, निळा, काळा आणि केशरी. सराडा सुपर्बा हे त्याचं शास्त्रीय नाव २०१६ साली ठेवलं गेलं, त्यातला पहिला शब्द आपल्या ‘सरडा’वरूनच घेतलेला. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०१८ साली याच पठारावर एक गोष्ट दाखवून दिली. पवनचक्क्यांजवळ शिकारी पक्षी फार कमी फिरकतात, म्हणून तिथे सरडे जास्त असतात आणि ते निर्धास्तही होतात. माणूस चालत जवळ गेला तरी पळायला उशीर करतात. मी तेच अंतर मोजायचे. एका चालीने सरड्याकडे जायचं, तो पळाला की आपण जिथे असू तिथे खूण करायची, मग टेप लावायची. दिवसभर हेच. उन्हाने मान भाजायची.

या कामावर बोलायला मला जुलै २०२३ मध्ये अमेरिकेत पोर्टलंडला जायचं होतं. ॲनिमल बिहेविअर सोसायटीची वार्षिक परिषद. संस्था १९६४ पासूनची, परिषद शंभर टक्के खरी. हे मुद्दाम सांगते, कारण आमच्या लॅबमध्ये खोट्या परिषदांबद्दल सगळेच सावध असतात. ‘आदरणीय प्राध्यापक, आपल्या थोर संशोधनाने आम्ही भारावून गेलो आहोत’ अशा मेल रोज येतात. पहिल्या वर्षाच्या मुलालाही त्या ‘आदरणीय प्राध्यापक’ म्हणतात, मग आम्ही आठवडाभर त्याला त्याच नावाने हाक मारतो. अशाच परिषदा आणि जर्नलं चालवणाऱ्या हैदराबादच्या एका कंपनीला २०१९ मध्ये अमेरिकेतल्या कोर्टाने पाच कोटी डॉलर भरायचा आदेश दिला, हेही आम्हाला ठाऊक होतं. म्हणजे बनावट परिषद ओळखायला आम्ही शिकलो होतो. खऱ्या परिषदेच्या आडून कुणी येईल, हे डोक्यातच नव्हतं.

एप्रिलमध्ये माझा गोषवारा स्वीकारला गेला. नोंदणीची फी संस्थेच्या साइटवर भरली. व्हिसा २०१८ चा, दहा वर्षांचा होता, तेवढं एक नशीब. त्या वर्षी मुंबईत व्हिसाच्या तारखेसाठी लोक कुठल्या कुठल्या देवांना नवस बोलत होते.

एका रात्री नऊच्या सुमारास फोन आला. मी पठारावरून घरी साताऱ्याला आले होते, जेवण वाढलेलं होतं. अमेरिकेतला नंबर. बाईचा आवाज अतिशय गोड. तिने माझं नाव घेतलं (उच्चार चुकवला, पण तो सगळेच चुकवतात), माझ्या सादरीकरणाचं शीर्षक वाचून दाखवलं, परिषदेच्या तारखा सांगितल्या. म्हणाली, परिषदेची निवास व्यवस्था आम्ही बघतो, सवलतीच्या दरातल्या खोल्या संपत आल्यात, तुमचं नाव यादीत अजून दिसत नाही म्हणून फोन केला.

मी काय म्हणाले असेन? ‘थँक्यू’ म्हणाले! दोनदा.

ही सगळी माहिती तिला कुठून मिळाली, हा प्रश्न मला पडला तो तीन महिन्यांनी. उत्तर फार सोपं आहे. परिषदेत कोण काय बोलणार हे आधी जाहीर होतंच, आणि तिथे नाव, विद्यापीठ, शीर्षक असं सगळं असतं. आमचे मेल पत्ते शोधनिबंधांवर छापलेले असतात. माझ्याबद्दल तिला जे जे ठाऊक होतं ते कुणालाही दोन मिनिटांत सापडलं असतं. पण आपलं शीर्षक दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की माणूस हुरळतो. निदान मी तरी हुरळले.

दुसऱ्या दिवशी मेल आली. वर परिषदेचं नाव, शहराच्या पुलाचा फोटो. पाच रात्री, रात्रीला १४९ डॉलर, वर सेवाशुल्क ८५. एकूण ८३०. सोबत एक फॉर्म होता. तो छापायचा, कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे लिहायचे, कार्डधारकाची सही घ्यायची, कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो जोडायचा आणि परत पाठवायचा.

माझ्याकडे क्रेडिट कार्ड नव्हतं. बाबांकडे होतं. ते शाळेतून निवृत्त झाले तेव्हा बँकेतल्या एका माजी विद्यार्थ्याने आग्रहाने दिलेलं. विमानाचं तिकीट त्याच्यावरच काढलं होतं आणि परिषदेच्या फीसाठी मी त्यावर परदेशी व्यवहार चालू करून घेतले होते. बाबांनी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, त्यावर कार्ड ठेवलं, चष्मा लावला. पुढची बाजू झाली. मागच्या बाजूचा फोटो काढताना त्यांनी त्या तीन आकड्यांवर अंगठा ठेवला.

मी म्हणाले, “अंगठा काढा की बाबा.”

“हे कुणाला दाखवू नका म्हणतात ना?”

“ओ, ते ओटीपीवाल्यांसाठी. हे ऑफिशियल आहे.”

त्यांनी अंगठा काढला. सही केली. शिक्षकाची सही, पूर्ण नाव, एकही अक्षर न गाळता.

दोन दिवसांनी ते व्हरांड्यातून आत आले, हातात मोबाईल. “पैसे कापले. पण ओटीपी कसा नाही आला गं?” मी पठारावर जायच्या गडबडीत होते. परदेशात असंच असतं, म्हणाले. आणि खरंच तसंच असतं, गोची तीच आहे. आपल्याकडे ऑनलाइन कार्ड वापरलं की बहुतेकदा ओटीपी लागतो. परदेशातल्या दुकानदाराने आपल्या कार्डाचे आकडे नुसते त्याच्या यंत्रात घातले तरी बऱ्याचदा पैसे जातात, विचारणा होत नाही. इतकी वर्षं ओटीपीने राखण केली, त्यामुळे तो नसतानाही आपण तितकेच निवांत असतो. पवनचक्कीखालच्या सरड्याबद्दल मी हेच वाक्य प्रबंधात लिहीत होते, हे माझ्या लक्षात यायला नको होतं का? नाही आलं. नंतर लॅबमधल्या प्रत्येकाने मला कोकिळा आणि कावळ्याचा विनोद ऐकवला. सरड्याचा कुणालाच सुचला नाही, म्हणून तो मीच केला.

कन्फर्मेशन आलं होतं. त्यावर आठ आकडी नंबरही होता. मी तो छापून फाइलमध्ये ठेवला.

मुंबई, दुबई, सिएटल, पोर्टलंड. विमानतळावरून अडीच डॉलरचं तिकीट काढून लाल मार्गाच्या ट्रेनने शहरात आले. संध्याकाळचे सात वाजले होते तरी लख्ख ऊन. हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलाने माझं नाव टाकलं. आडनाव टाकलं. आधी आडनाव, मग नाव, असं उलटं टाकलं. पासपोर्टवरून एकेक अक्षर बघून टाकलं. मग मी कागद दिला. त्याने तो बघितला आणि त्याचा चेहरा असा झाला की त्याला हे नवीन नव्हतं. म्हणाला, हा नंबर आमचा नाही. हा एजन्सीचा आहे, आमच्या हॉटेलचा नंबर असा नसतो. मग स्क्रीन माझ्याकडे वळवली, बघा म्हणून. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. रिकामी चौकट होती. खोली हवी असेल तर एक शिल्लक होती, २६० डॉलर अधिक कर.

एजन्सीचा फोन वाजत राहिला. मेल पाठवली ती परत आली.

मी लॉबीतल्या सोफ्यावर बॅग पायात धरून बसले. रडले नाही, कारण बाबांना काय सांगायचं याचीच जुळवाजुळव चालली होती. गळ्यात परिषदेचं ओळखपत्र असलेली एक बाई समोरून गेली, परत आली आणि काय झालं म्हणून विचारलं. कोस्टा रिकाची होती, वटवाघळांवर काम करणारी. तिच्या खोलीत दोन पलंग होते. पाचही रात्री मी तिथेच काढल्या आणि ती पैसे घेईना. शेवटच्या दिवशी मी तिला घरून आणलेले कंदी पेढे दिले. खरं तर ते कुणा मोठ्या प्राध्यापकाला द्यायला आणले होते.

भाषण बरं झालं. त्याबद्दल इथे सांगण्यासारखं काही नाही.

तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी आयोजकांपैकी एकीला हे सांगितलं. ती हळहळली, मग जपूनच म्हणाली की आम्ही मार्चमध्ये मेल पाठवली होती. रात्री शोधली. होती. लांबलचक मेल: आचारसंहिता, मुलं सांभाळण्यासाठी मदत, पोस्टरची मापं, आणि अगदी खाली दोन ओळी. आम्ही कोणत्याही एजन्सीला खोल्या द्यायला नेमलेलं नाही, फोन आला तर कार्डाची माहिती देऊ नका, बुकिंगची लिंक फक्त आमच्या साइटवर आहे. मी पोस्टरच्या मापांपर्यंत वाचून सोडून दिली होती. माझं पोस्टर नव्हतं ना.

परत आल्यावर बँक. इथे लोकांचा एक गैरसमज असतो, माझाही होता. तीन दिवसांत कळवलं की पैसे परत, असं आपण ऐकलेलं असतं. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम तसा होता, पण कामाचे तीन दिवस धरून आणि तुमची चूक नसताना पैसे गेले तर. तुम्ही स्वतः कार्डाची माहिती दिली असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. आणि आमचं तर तीन दिवस सोडा, तीन महिने झाले होते. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर पोर्टलवर तक्रार केली, क्रमांक मिळाला. १९३० खरी कामी येते ती पैसे इथल्या कुठल्या खात्यात असतात तेव्हा, तेही लगेच फोन केला तर. आमचे केव्हाच समुद्रापार गेले होते.

‘सेवाच मिळाली नाही’ म्हणून बँकेतर्फे वाद घातला. ऑगस्टमध्ये पैसे तात्पुरते जमा झाले. आई शेजारी सांगूनही आली. ऑक्टोबरमध्ये परत गेले. समोरच्यांनी बाबांची सही असलेला फॉर्म पाठवला होता. त्यात बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं की रक्कम कोणत्याही कारणाने परत मिळणार नाही आणि कार्डधारक बँकेकडे हरकत घेणार नाही. ती पूर्ण नावाची, एकही अक्षर न गाळलेली सही. बँकेतला माणूस मला म्हणाला, मॅडम, सही तर अगदी स्वच्छ आहे.

तुमच्यापैकी कुणी परदेशी परिषदेला निघालं असेल, विज्ञानाच्या किंवा कसल्याही, तर खोलीसाठी आपल्याला कुणी फोन करत नाही हे धरून चाला. दिवाळीत एका मोठ्या संस्थेतल्या सरांनी सांगितलं की त्यांनाही असाच फोन आला होता आणि तेही फॉर्म भरायला बसले होते, केवळ प्रिंटर बिघडला म्हणून वाचले. लिंक परिषदेच्या साइटवरूनच उघडा. बुकिंग झालं की हॉटेलच्या स्वागतकक्षाला स्वतः फोन लावा, नंबर मेलमधला नको, हॉटेलच्या साइटवरचा, आणि विचारा की माझ्या नावाने खोली दिसते का. दोन मिनिटांचं काम आहे, फोनला पन्नास-शंभर रुपये जातील. पैसे शक्यतो तिथे पोचल्यावर द्या. कार्डाचे परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून चालू-बंद करता येतात आणि मर्यादाही घालता येते. मी फी भरल्यावर ते बंद केले असते तर ती गोड आवाजाची बाई नुसती वाट बघत बसली असती. आणि कार्डाचा फोटो किंवा आकडे लिहिलेला कागद कुणी मेलने मागत असेल, तर परिषद कितीही खरी असो, मागणारा खरा नाही असंच समजा.

या मार्चमध्ये परत तसाच फोन आला. वेगळी परिषद, वेगळा देश, पुरुषाचा आवाज. शीर्षक बरोबर, तारखा बरोबर. मी त्याला म्हटलं, हॉटेलचा कन्फर्मेशन नंबर आधी पाठवा, मी तिथे फोन करून बघते. त्याने फोन ठेवला.

बाबांचं जुनं कार्ड बंद केलं, नवीन आलं. परवा विजेचं बिल भरायला मी ते त्यांच्या पाकिटातून काढलं. मागच्या बाजूला, त्या तीन आकड्यांवर, पांढरी चिकटपट्टी लावलेली होती, कडा नखाने नीट दाबलेल्या. आकडे त्यांनाच विचारले. त्यांनी पाठ केले होते, पण मला सांगायच्या आधी ‘कशाला हवेत’ म्हणून विचारलं.